राजाची घोषणा आणि ओसाड शेत : आरंभीची राज्ये व वर्णव्यवस्था यांविषयी एक धागा

१/
नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या भिंतीवर राजमाता गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राची प्रशस्ती कोरविली आहे. पुत्र म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. कोरविली ती त्याच्या वारसाच्या, पुळुमावीच्या, १९ व्या राज्यवर्षी. त्यातील अनेक विशेषणांपैकी एक असे की, या राजाने चारही वर्णांचा संकर थांबविला. या एका विशेषणावर दोन परस्परविरोधी इतिहास उभे केले जातात. दोन्ही अपुरे आहेत, असे माझे मत आहे. ते का, हे या धाग्यात सविस्तर मांडतो.

२/
पहिला इतिहास म्हणतो : प्राचीन काळी समाजाची गुणकर्मानुसार चार भागांत विभागणी होती, राजा तिचा राखणदार होता आणि सारे सुखात होते. दुसरा म्हणतो : तीन हजार वर्षे समाज एकाच साच्यात गोठलेला होता, राजे आले आणि गेले, साचा तसाच राहिला. एक अभिमानाने सांगितला जातो, दुसरा संतापाने. संतापाला कारणे आहेत, हे मी नाकारीत नाही. पण दोघांच्याही हातात नकाशा एकच आहे : शालेय पुस्तकातला चार आडव्या पट्ट्यांचा तक्ता.

३/
हा तक्ता येतो कोठून? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तातून. चार वर्णांचा एकत्र उल्लेख संपूर्ण ऋग्वेदात तेथे एकदाच येतो आणि 'शूद्र' हा शब्दही त्या एकाच ठिकाणी. दहावे मंडल संहितेच्या उत्तरकालीन थरातले मानले जाते. त्याआधीच्या ऋचांत माणसे ओळखली जातात ती जन आणि विश् यांवरून : भरत, पुरू, यदू, तुर्वश अशा टोळ्या, त्यांचे गोधन आणि त्यांचे पुढारी.

४/
त्या काळचा राजा हा मुख्यतः टोळीचा नायक होता. लुटीतून आलेले गोधन वाटणे हे त्याचे काम आणि लोक स्वखुशीने आणून देत तो 'बली' हे त्याचे उत्पन्न. पुढे लोक गंगा-यमुनेच्या खोऱ्यात स्थिरावले, शेती वाढली, भाताची कोठारे भरू लागली. मग बली स्वखुशीचा राहिला नाही. जो मागायचा तो घेऊ लागला. वर्णांची भाषा पक्की होते ती नेमकी याच काळात, आणि हा योगायोग नाही.

५/
याचा पुरावा ब्राह्मणग्रंथांतच आहे, आणि तो आश्चर्य वाटावे इतका उघड आहे. शतपथ ब्राह्मणात प्रजेला जवाच्या पिकाची आणि राज्यसत्तेला हरणाची उपमा दिली आहे : हरीण जव खाते, तशी सत्ता प्रजेला खाते. ऐतरेय ब्राह्मणात वैश्याचे वर्णन दुसऱ्याला कर देणारा, दुसऱ्याने उपभोगावा असा. शूद्राचे वर्णन दुसऱ्याच्या आज्ञेत राहणारा, वाटेल तेव्हा हलविता येणारा. येथे गुणांचा किंवा आवडीच्या कामाचा प्रश्नच नाही. कोण कोणाला देतो आणि कोण कोणाला हलवू शकतो, एवढाच हिशेब आहे.

६/
म्हणून 'वर्णव्यवस्था म्हणजे केवळ श्रमविभागणी' हे विधान मला त्या ग्रंथांशीच प्रतारणा वाटते. ग्रंथकार इतके भोळे नव्हते. त्यांना राज्य ही नवी गोष्ट दिसत होती, तिला अन्न कोण पुरविणार हे ठरवायचे होते, आणि ते त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. वर्ण आणि राज्य ही एकाच काळात वाढलेली भावंडे आहेत. एकाला वगळून दुसऱ्याचा इतिहास लिहिता येत नाही.

७/
आता इ.स.पू. सहाव्या शतकाकडे येऊ. अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची यादी आहे : मगध, कोसल, वत्स, अवंती, वज्जी, मल्ल इत्यादी. त्यात दक्षिणेतील एकच नाव आहे, गोदावरीकाठचे अस्सक, म्हणजे अश्मक. नाणी, नगरे, सैन्य आणि करवसुली असलेली ही राज्ये. आणि याच काळातील पाली वाङ्मयात समाजाची मांडणी निराळी दिसते. तेथे क्रम खत्तियापासून सुरू होतो, ब्राह्मण त्यानंतर येतो. शिवाय गहपती आणि सेट्ठी हे दोन शब्द सतत भेटतात. जमीन, धान्य आणि भांडवल त्यांच्या हाती आहे.

८/
दीघ निकायातील अग्गञ्ञसुत्तात राजाच्या उगमाची कथा आहे. शेतांच्या हद्दी पडल्या, चोरी सुरू झाली, तेव्हा लोकांनी एकाला निवडले आणि निवाड्याच्या बदल्यात आपल्या भाताचा वाटा देऊ केला. तो 'महासम्मत', सर्वांना मान्य झालेला. पुरुषसूक्तात समाज एका देहातून जन्मतो; येथे तो एका करारातून उभा राहतो. एकाच खोऱ्यात, काही शतकांच्या अंतराने, समाज कसा झाला याच्या या दोन कथा चालत होत्या. 'प्राचीन भारतीयांचे मत' असे एकच मत कधीच नव्हते.

९/
गणराज्यांविषयीही थोडे सावध राहायला हवे. वैशालीच्या वज्जींची सभा, मल्लांचे आणि शाक्यांचे संघ यांना आपण 'प्राचीन लोकशाही' म्हणून मोकळे होतो. सभेत बसत होती ती क्षत्रिय कुळे. शेतात राबणारे दास-कम्मकर सभेबाहेर होते. एका राजाऐवजी अनेक कुळांनी मिळून राज्य केले, हे मोठे वेगळेपण खरे. पण नांगरामागचा माणूस दोन्हीकडे तोच होता आणि दोन्हीकडे गप्प होता.

१०/
मगधाने इतरांना गिळले तेव्हा तक्त्याला पहिला मोठा तडा गेला. पुराणे महापद्म नंदाला शूद्रेपासून जन्मलेला म्हणतात आणि सर्व क्षत्रियांचा उच्छेद करणाराही म्हणतात. शास्त्राने ज्याला सेवा नेमून दिली, त्याच्या हाती त्या काळचे सर्वांत बलाढ्य सैन्य होते. पुराणकारांची अडचण त्यांच्या शब्दांतून दिसते. त्यांनी राजवंशांच्या यादीतून त्याला वगळले नाही. त्याचे राज्य नोंदविले आणि युग बिघडले असे म्हटले.

११/
मौर्यांच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनीसने समाजाचे सात वर्ग सांगितले : तत्त्वज्ञ, शेतकरी, गुराखी व शिकारी, कारागीर व व्यापारी, सैनिक, हेर-निरीक्षक आणि मंत्री. चार नव्हे, सात. राजधानीतून पाहणाऱ्या परक्या वकिलाला जे दिसले ते असे : कर कोण भरतो, पगार कोण घेतो आणि पाळत कोण ठेवतो. भारतात गुलाम नाहीत असेही तो म्हणतो. ते मात्र चूक आहे.

१२/
चूक कशावरून? अशोकावरून. त्याच्या नवव्या शिलालेखात दास आणि भृतक यांच्याशी नीट वागणे हा धर्माचा भाग म्हणून सांगितला आहे. याच नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याजवळ १९५६ साली सापडला. चार वर्णांची मांडणी अशोक आपल्या लेखांत कोठेही करीत नाही. तो बोलतो ब्राह्मण-श्रमणांविषयी, मातापित्यांविषयी, मित्र-आप्तांविषयी आणि दास-नोकरांविषयी. दास्य संपवा, असे तो म्हणत नाही. एवढ्या मोठ्या राज्याच्या करुणेचीही तेथे सीमा आहे.

१३/
आता पुन्हा आपल्या डोंगरांकडे. मौर्यांनंतर दख्खनमध्ये सातवाहनांचे राज्य उभे राहिले. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणाऱ्या नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे : अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, दक्षिणेत हजारो गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणांचे आकडे. नव्या घराण्याने वैदिक यज्ञातून आपली प्रतिष्ठा मिळविली. पण हा लेख कोरला तो व्यापारी वाटेवर, जेथून बैलांचे तांडे कोकणातून वर चढत. यज्ञाला लागणारा पैसा आणि तो पैसा आणणारी वाट, दोन्ही एकाच खिंडीत आहेत.

१४/
याच घराण्यातला गौतमीपुत्र. शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक, क्षहरातांचा समूळ उच्छेद करणारा, क्षत्रियांचा दर्प मोडणारा, 'एकबम्हण', आणि वर्णसंकर थांबविणारा. प्रशस्तीतील प्रदेशांच्या यादीत असक आणि मुळक आहेत, अपरांत आणि विदर्भही आहेत. हे सारे वाचून वाटते की येथे तक्ता दगडात कोरला गेला. पण त्याच डोंगरावरचे आणि भोवतालचे इतर लेख वाचले की चित्र पालटते.

१५/
प्रथम राजघराणेच पाहा. कान्हेरीच्या एका संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील, महाक्षत्रपाची कन्या असल्याचे नोंदले आहे. म्हणजे शकांची लेक. इ.स. १५० च्या गिरनार लेखात महाक्षत्रप रुद्रदामा सांगतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरविले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. ज्या घराण्याची प्रशस्ती शकसंहार आणि संकरबंदी यांची द्वाही फिरविते, त्याच घराण्याला शक सोयरिकीने वाचविले.

१६/
आता दाते पाहा. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाचे यवन खांब दान देतात, तेथलाच सामी नावाचा सुतार दाराच्या कामाचे दान देतो, वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी शैलगृह पुरे करतो. कान्हेरीला कल्याणचा सोनार आणि कल्याणचा लोहार आहेत. कुड्याच्या लेण्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. नाशिकच्या आठव्या लेण्याचा दाता मुगुदास स्वतःला 'दासक' म्हणवितो. विद्वान त्याचा अर्थ मासेमार असा लावतात. त्याने कुटुंबासह एक लेणे दान दिले आहे.

१७/
ही माणसे आपली ओळख कशी देतात? नाव, गाव, व्यवसाय, बापाचे किंवा कुटुंबाचे नाव. ब्राह्मण दाते स्वतःला ब्राह्मण म्हणवितात. पण लेणी कोरविणाऱ्या व्यापाऱ्या-कारागिरांत 'मी वैश्य', 'मी शूद्र' असे सांगण्याची रीत नाही. समाजाच्या मोठ्या भागाने स्वतःचे वर्णन करताना तक्त्यातले शब्द वापरलेच नाहीत. ते शब्द वरून खाली पाहणाऱ्याचे होते.

१८/
कारागिरांच्या श्रेणी तर सावकारी करीत होत्या. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याची देणगी नोंदली आहे : गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही. २००० चे वर्षाचे व्याज २४०, म्हणजे वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला. राजाचा जावई आपले दान कायमचे चालावे म्हणून विणकरांच्या पतीवर विसंबतो.

१९/
येथेच पहिला इतिहास सांगणारे हुरूप धरतील : 'पाहा, कारागिरांना केवढा मान होता!' थोडे थांबावे. लेण्यात नाव कोरायला पैसे लागत. ज्याच्याकडे दान देण्याजोगे काही उरत नव्हते, त्याचे नाव भिंतीवर नाही. शेकडो दात्यांची नावे वाचताना आपण केवळ वरकड असलेल्यांची सभा पाहत असतो. श्रेणीचा प्रमुख आणि श्रेणीच्या मागावर बसलेला गडी यांत काय अंतर होते, हे व्याजाच्या दरावरून कळत नाही.

२०/
आता या धाग्यातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा लेख. तो पुन्हा त्याच तिसऱ्या लेण्यात आहे. गौतमीपुत्राने १८ व्या राज्यवर्षी, विजयी सेनेच्या तळावरून, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडली : पश्चिम काखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, कोणी उपद्रव देऊ नये. जिंकलेली जमीन, करमुक्तीसह.

२१/
त्यानंतर २४ व्या वर्षी दुसरी आज्ञा, या वेळी राजमातेसह. काखडी गावात भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही वसत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. बस, एवढेच. गाव का उठले, हे लेख सांगत नाही. आपल्याला एवढे ठाऊक आहे की हा मुलूख नुकताच नहपानाच्या घराण्याकडून युद्धात हिसकावलेला होता. जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी ९ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नाण्यांवर नवा छाप मारता येतो; उठून गेलेल्या माणसांवर मारता येत नाही.

२२/
हा मला त्या काळच्या समाजरचनेवरचा सर्वांत प्रामाणिक पुरावा वाटतो. राजा समुद्रांपर्यंतच्या राज्याचा धनी आहे, चारही वर्ण त्याने जागच्या जागी ठेवले आहेत, आणि तरी दान दिलेले शेत पडीक आहे, कारण कसणारे निघून गेले. त्यांची नावे नाहीत, वर्ण नाही, जात नाही. ती माणसे होती हे कळते ते त्यांच्या नसण्यावरून. ऐतरेय ब्राह्मणाने ज्याला वाटेल तेव्हा हलविता येईल म्हटले, तो स्वतःहूनही हलू शकत होता. आणि तो हलला की राजाज्ञा पुन्हा लिहावी लागे.

२३/
मग संकर थांबविल्याच्या घोषणेचा अर्थ काय? जे आपोआप पाळले जाते त्याची बढाई कोणी मारीत नाही. संकर होत होता म्हणूनच तो थांबविल्याचे श्रेय घेतले गेले. साधारण याच शतकांत रचल्या गेलेल्या मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहा : नाना व्यवसायांच्या जाती संकरातून निघाल्या असे तो सांगतो, शक-यवनांना कर्मलोपामुळे पतित झालेले क्षत्रिय ठरवितो. समोर दिसणारी माणसे चौकटीत बसत नव्हती, तेव्हा शास्त्रकारांनी त्यांच्यासाठी चौकटीला खण जोडले.

२४/
याचा अर्थ चौकट खोटी किंवा निरुपद्रवी होती असा मुळीच नाही. घोषणा पुरेशी वेळ चालू राहिली आणि तिच्यामागे जमीन, दंड आणि कर्मकांड उभे राहिले की ती वास्तव बनते. भूदानाची जी रीत येथे २०० निवर्तनांपासून दिसते, ती पुढील शतकांत वाढत गेली. जमिनीबरोबर ती कसणारी माणसेही देणगीच्या हिशेबात येऊ लागली. जातीची पकड घट्ट झाली ती अशा टप्प्याटप्प्याने, माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून. तिला आरंभ आहे, वाढ आहे, आणि लाभ घेणारे ओळखता येतात.

२५/
म्हणून दोन्ही इतिहासांना माझा आक्षेप एकच आहे : दोघेही राजाची घोषणा हीच समाजाची स्थिती मानतात. एक त्या घोषणेला सुव्यवस्था म्हणतो, दुसरा तिला अटळ दैव. पहिल्याने अन्याय झाकला जातो. दुसऱ्याने, नकळत, अन्याय करणाऱ्यांची सुटका होते. कारण जे सदैव तसेच होते त्याला जबाबदार कोणीच नसतो. ज्यांच्या पूर्वजांनी या व्यवस्थेचा भार वाहिला, त्यांना हे दोन्ही इतिहास अपुरेच पडतात. त्यांचे पूर्वज तक्त्यातली खालची पट्टी नव्हते. ते विणकर, मासेमार, सुतार, कुळे आणि दास होते, आणि काही वेळा गाव सोडून गेलेली माणसे होती.

२६/
हल्ली प्रत्येक समाज आपल्या नावाचा प्राचीन लेख शोधीत असतो. शोध घ्यावा, त्यात गैर काही नाही. पण 'महारठी', 'सेट्ठी', 'हालिक' हे शब्द आजच्या जातींना जसेच्या तसे चिकटवू नयेत. दोन हजार वर्षांत शब्द, धंदे आणि माणसे पुष्कळ फिरली आहेत. आपले नाव लेखात नाही म्हणून इतिहासात आपण नाही, असे तर कोणीच समजू नये. काखडीच्या शेतकऱ्यांचे नाव कोठेही नाही, आणि तरी राजाची आज्ञा त्यांनी बदलायला लावली.

२७/
पांडवलेण्यांत जाणे झाले तर प्रशस्तीसमोर आपण थांबतोच. तेथेच गौतमीपुत्राच्या त्या दोन आज्ञाही शोधाव्यात, आणि मग आठव्या लेण्यात मुगुदासाची एक ओळ पाहावी. अक्षरे ब्राह्मी आहेत, भाषा प्राकृत, आपल्या मराठीच्या आजीची. 'न कसते', 'न वसति' हे शब्द आजच्या मराठी माणसाला जवळजवळ भाषांतराशिवाय कळतात.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास जरूर मांडावेत. कृपया लेखाचे स्थळ सांगून मांडावेत, म्हणजे चर्चा पुराव्यावर राहील.)